टेलिकॉममध्ये रिटायर होईपर्यंत टिकता येतं का?

एका मुलाचा प्रश्न थोडक्यात असा आहे. ई अँड टीसी (इलेक्ट्रॉनिक्स-टेलिकॉम इंजिनिअरिंग) करून तो नाशिकला एका व्हेंडरकडे, म्हणजे ऑपरेटरचं नेटवर्क सांभाळणाऱ्या ठेकेदार कंपनीकडे, फिल्ड इंजिनिअर आहे, चार वर्षं झाली, टॉवर, डिझेल, फायबर कट आणि रात्री-बेरात्रीचे फोन यातच दिवस जातात, पगार काही हलत नाही, बरोबरचे सगळे पुण्यात आयटीत गेले, घरचे म्हणतात टेलिकॉम संपलं, आता तीनच कंपन्या राहिल्यात, आणि हातात नोएडाच्या एका नॉकची (नेटवर्कवर लांबून नजर ठेवणाऱ्या कंट्रोल रूमची) ऑफर आहे. जावं का, आणि मुळात या लाइनमध्ये साठीपर्यंत पोट भरतं का?

भरतं. मी नव्वदच्या दशकाच्या शेवटी आलो, अजून आहे, आणि माझ्या बॅचचे बरेच जण अजून आहेत. फक्त एक गोष्ट आत्ताच डोक्यात पक्की करून ठेव, इथे लांब करिअर कंपनीत होत नाही आणि एखाद्या टेक्नॉलॉजीत तर अजिबात होत नाही, होतं ते नेटवर्कच्या एखाद्या थरात. पॉवर, ट्रान्समिशन (टॉवर-टॉवरमधल्या लिंक आणि फायबर), रेडिओ (टॉवर ते फोन), कोअर (कॉल आणि डेटा जोडणारा मेंदू), आयपी (डेटाचे राउटर), बिलिंग असे थर आहेत, त्यातला एक घट्ट धरायचा, वरचं-खालचं कामापुरतं समजून घ्यायचं आणि मग दारावरची पाटी कितीही वेळा बदलू दे. बाकीचं सगळं उत्तर याच गोष्टीभोवती फिरणार आहे.

पाटीचं म्हणतोय ते खरंच पाटीचं आहे. मुंबईत एकाच कंपनीत बसलेल्या लोकांनी मॅक्सटच, ऑरेंज, हच, व्होडाफोन आणि २०२० पासून व्हीआय अशी पाच नावं पाहिली, व्हिजिटिंग कार्ड प्रत्येक वेळी नवीन, कॉल जोडणाऱ्या एमएससी एक्स्चेंजच्या रूममधला एसी तोच. मुंबईतलं बीपीएल मोबाइल पुढे लूप झालं आणि २०१४ मध्ये बंदच पडलं. माझ्या आधीचे काही जण पेजर कंपन्यांत होते, त्या धंद्याला तर जेमतेम सहा-सात वर्षांचं आयुष्य मिळालं. मग २०१२ च्या २ फेब्रुवारीला सुप्रीम कोर्टाने मोबाइल सेवेची १२२ लायसन्स एका फटक्यात रद्द केली, त्यातल्या नव्या कंपन्यांत जास्त पगार म्हणून चांगल्या नोकऱ्या सोडून गेलेले लोक मी स्वतः पाहिलेत, सकाळी टीव्हीवर बातमी आणि दुपारी एचआरचा फोन लागेना. ५ सप्टेंबर २०१६ ला जिओ आलं, त्यानंतर तीन वर्षांच्या आत एअरसेल दिवाळखोरीत, आरकॉमचा मोबाइल धंदा बंद, टाटाचा मोबाइलचा भाग आणि टेलेनॉर एअरटेलमध्ये, व्होडाफोन-आयडिया एकत्र. ज्या सर्कलमध्ये, म्हणजे टेलिकॉमच्या विभागात, कधीकाळी दहा-बारा ऑपरेटर होते तिथे तीन प्रायव्हेट आणि एक बीएसएनएल उरलं. ऑक्टोबर २०१९ ला एजीआरचा निकाल, म्हणजे कंपन्यांनी सरकारला महसुलातला वाटा कसा द्यायचा त्याचा, आणि ३१ जानेवारी २०२० ला बीएसएनएलमधून सुमारे ७८ हजार लोक एकाच दिवशी व्हीआरएस घेऊन घरी. उपकरणं बनवणारे काही वेगळे नाहीत, नॉर्टेल २००९ मध्ये दिवाळखोरीत गेलं, मोटोरोलाचा नेटवर्कचा धंदा नोकिया सीमेन्सने घेतला, नंतर अल्काटेल-ल्युसेंट नोकियाने घेतलं.

म्हणजे घरचे जे म्हणतायत ते दर काही वर्षांनी कुणीतरी म्हणतंच, आणि ते म्हणतात तेव्हा कुठलीतरी कंपनी खरंच संपलेली असते. पण त्याच काळात या देशातली मोबाइल कनेक्शनं शून्यावरून ११० कोटींच्या वर गेली. हे सगळं चालवायला माणसं लागतात, फक्त ती माणसं कोणाच्या पेरोलवर आहेत हे सारखं बदलत असतं.

आता ज्यांची वाट लागली आणि ज्यांचं काही बिघडलं नाही, त्यांच्यात फरक काय होता ते सांगतो, कारण हे मी जवळून पाहिलंय. ज्याने स्वतःला 'अमुक कंपनीच्या बीएससीचा एक्स्पर्ट' असं बनवलं होतं, म्हणजे टूजीचे टॉवर सांभाळणाऱ्या एका डब्याच्या कमांड तोंडपाठ, तो डबा निघाला की त्याचं ज्ञान भंगारात. सीडीएमए या मोबाइलच्या दुसऱ्या तंत्रावर काम करणारे असेच अडकले. वायमॅक्स या बिनतारी इंटरनेटच्या तंत्रातले तर अजूनच वाईट, कारण त्यांना दोन-तीन वर्षं सगळीकडे भाव होता, आणि मग सगळी दुनिया एलटीईकडे, म्हणजे फोरजीकडे, गेली. याउलट ट्रान्समिशनमधला माणूस बघ. आधी पीडीएच, मग एसडीएच, मग डीडब्ल्यूडीएम, मग आयपी-एमपीएलएस अशी सिग्नल वाहून नेण्याची तंत्रं बदलत गेली, दर वेळी त्याला नवीन शिकावं लागलं पण फायबर तीच होती, लॉस तोच होता, फायबरची रिंग तुटली की काय होतं हे त्याला हाडात माहीत होतं. टूजीवाल्यालाही टॉवरपासून मागे जाणारी ई-वन लाइन लागायची आणि फाइव्हजीवाल्यालाही तेच काम करणारं बॅकहॉल लागतं, त्यामुळे त्याला कुणी विचारलंच नाही की तू कुठल्या जीचा.

पॉवरचं तर विचारूच नकोस. टेलिकॉमचं बहुतेक सामान आजही मायनस ४८ व्होल्टवर चालतं, जुन्या टेलिफोन एक्स्चेंजच्या काळापासून. दोन-दोन व्होल्टचे २४ बॅटरी सेल सिरीजमध्ये, वर एसीचा डीसी करणारा रेक्टिफायर, बाहेर डीजी, म्हणजे डिझेल जनरेटर. आता बऱ्याच साइटवर लिथियम आलं, सोलर आलं, रिमोट मॉनिटरिंग आलं, पण लोड किती, बॅकअप किती, आणि कागदावर सहा तास असलेली बॅटरी बँक दीड तासात का बसते याचं उत्तर देणारा माणूस टॉवर कंपनीला कायम हवा असतो. तुला हे काम हलकं वाटतंय हे तुझ्या लिहिण्यावरून दिसतंय, डिझेल मोजणारा इंजिनिअर वगैरे. पण एखाद्या सेलचं व्होल्टेज लोडवर बाकीच्यांपेक्षा खाली जातंय हे मल्टिमीटर लावून बघणारे कमी असतात, बहुतेक जण 'बॅटरी फॉल्टी, रिप्लेस' असं तिकिटात टाकून मोकळे होतात. २४ पैकी दोन सेल गेलेत हे ज्याने दाखवलं त्याने कंपनीची आख्खी बँक वाचवली, आणि हे वरच्याला दिसतं, भले उशिरा दिसत असेल.

एक प्रसंग सविस्तर सांगतो, कारण थर धरणं म्हणजे काय ते त्यावरून लवकर कळेल. कोकणात एका खाडीवरून जाणारा मायक्रोवेव्हचा हॉप, म्हणजे दोन टॉवरमधली बिनतारी लिंक, होता, अलीकडे एक टॉवर, पलीकडे टेकाडावर दुसरा, मध्ये सगळं पाणी. ही लिंक दिवसातून दोनदा फडफडायची. एरर्ड सेकंद, म्हणजे डेटात चुका झालेले सेकंद, वाढायचे, मागच्या सगळ्या साइट डाउन, आणि तासाभरात आपोआप बरी, जणू काही झालंच नाही. टीम तिथे पोचेपर्यंत सगळं हिरवं. ओडीयू, म्हणजे डिशमागचा रेडिओचा डबा, बदलला, केबलचे कनेक्टर नवीन केले, अलाइनमेंट परत केलं, व्हेंडर म्हणे तुमची पॉवर खराब आहे, पॉवरवाला म्हणे ट्रान्समिशनचं तुम्ही बघा, नेहमीचं नाटक. शेवटी आम्ही नॉककडून नुसत्या वेळा मागवल्या, दोन-तीन आठवड्यांच्या, कागदावर एकाखाली एक लिहिल्या तर ती वेळ रोज साधारण पाऊण तासाने पुढे सरकत होती. पॉवर असली तर असं होणार नाही, ऊन असलं तर वेळ ठरलेली असेल. टीमबरोबर रत्नागिरीकडचा एक रिगर होता, टॉवरवर चढणारा, शिक्षण जेमतेम, घर खाडीकाठी, त्याने तो कागद बघितला आणि म्हणाला, "साहेब, ही तर भरतीची टायमिंग हाय. तिथीची पाऊणपट करा." चतुर्थी असेल तर चार गुणिले पाऊण, तीन वाजता पूर्ण भरती, अष्टमीला सहा वाजता. आम्ही कॅलेंडर काढून लावून बघितलं, बसलं सगळं. शिवाय अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला त्रास जास्त आणि अष्टमीच्या आसपास, भांगाची, म्हणजे लहान भरती असते तेव्हा, जवळजवळ नाहीच.

कारण मग सरळ होतं. सिग्नल दोन वाटांनी पलीकडे जातो, एक थेट आणि एक पाण्यावर आपटून. पाण्याची पातळी वर आली की आपटून येणाऱ्याची लांबी बदलते, आणि एका ठरावीक पातळीला तो थेटवाल्याच्या बरोबर उलट्या फेजमध्ये येऊन त्याला खाऊन टाकतो. उपाय काय केला, तर एका टोकाचा डिश खाली उतरवला, म्हणजे आपटायची जागा पाण्यावरून सरकून काठावरच्या कांदळवनात गेली आणि तो दुसरा किरण तिथेच अडला, थेट वाट मोकळी आहे ना हे आधी फ्रेनेल झोन, म्हणजे सिग्नलला वाटेभोवती लागणारी मोकळी जागा, मोजून बघितलं. त्यानंतर ती लिंक शांत. यात कुठल्याही कंपनीचं मॅन्युअल कामाला आलं नाही, आणि ते कारण कळलेल्या माणसांना पुढे थ्रीजीच्या काळातही काम मिळालं आणि फोरजीच्याही, कारण खाडी तिथेच आहे. तो रिगर आता स्वतःची छोटी टीम घेऊन रोलआउटची कामं घेतो, आणि खाडीवरचा हॉप सर्व्हे करायचा असला की अजून त्यालाच फोन जातो.

तू फायबरमध्ये आहेस तर तुझ्याकडे असा मालमसाला रोज येतोय. ओटीडीआर, म्हणजे फायबरमध्ये प्रकाश सोडून लॉस आणि कटाचं अंतर दाखवणारं मशीन, सगळ्यांच्या हातात असतो पण त्याचा ट्रेस, म्हणजे आलेख, वाचतो कोण? १५५० नॅनोमीटरवर चांगल्या फायबरला किलोमीटरला साधारण ०.२ डीबी (सिग्नल किती घटला त्याचं माप) लॉस, १३१० वर ०.३५ च्या आसपास, एवढं पाठ असतं सगळ्यांना. पण एखाद्या जागी १५५० वर पायरी दिसतेय आणि १३१० वर जवळजवळ नाही, तर तिथे फायबर कुठेतरी वाकलीय, क्लोजरमध्ये (जोडाच्या डब्यात) नाहीतर चेंबरमध्ये दाबली गेलीय, तिथे जेसीबी बोलावून खणायची गरज नाही. आणि ओटीडीआर जे अंतर दाखवतो ते फायबरचं, रस्त्याचं नाही. प्रत्येक चेंबरमध्ये लूप सोडलेला असतो, त्यामुळे मशीन १२.४ किलोमीटर म्हणतं आणि कट असतो रस्त्याच्या ११.८ ला, मग पोरं भर पावसात सहाशे मीटर पुढे खणत बसतात. ज्याच्याकडे आपल्या रूटच्या लूपची नोंद आहे, साधी वही असली तरी चालेल, तो माणूस एमटीटीआर, म्हणजे दुरुस्तीला लागणारा सरासरी वेळ, निम्म्यावर आणतो. अशा नोंदी ठेवायला कुणी सांगत नाही आणि त्याचे पैसेही मिळत नाहीत, पण रूट दुसऱ्या व्हेंडरकडे गेला की नवा व्हेंडर सगळ्यात आधी विचारतो, या रूटचा माणूस कोण?

इथे पेरोलचा विषय काढतोच, कारण तुझी अर्धी चीड त्याचीच आहे. २००४ मध्ये भारतीने, म्हणजे एअरटेलने, नेटवर्क चालवायचं काम एरिक्सनला आणि आयटी आयबीएमला दिलं, तेव्हा सगळ्यांना वाटलं हे काय भलतंच, ऑपरेटरने स्वतःचं नेटवर्कच दुसऱ्याकडे द्यायचं? पण मॉडेल चाललं, सगळ्यांनी उचललं, आणि तिथून ऑपरेटर, मग व्हेंडर, मग सबकॉन्ट्रॅक्टर, मग त्याच्याखाली मनुष्यबळ पुरवणारा, अशी उतरंड तयार झाली. टॉवर वेगळ्या कंपन्यांकडे गेले, इंडस टॉवर्स २००७ ची. त्यामुळे तुझ्यासारखा मुलगा काम करतो एकाच्या नेटवर्कवर, जॅकेट दुसऱ्याचं, पगार तिसऱ्याकडून. जितका खालच्या पायरीवर असशील तितका पैसा कमी आणि उशिरा. म्हणून पहिल्या पाच-सहा वर्षांत पगारापेक्षा या उतरंडीत एक-एक पायरी वर सरकायचं बघ, तेवढ्यासाठी नोकरी बदलली तरी काही बिघडत नाही. सबकॉनमधून थेट व्हेंडरच्या पेरोलवर, तिथून जमलं तर ऑपरेटर किंवा टॉवर कंपनीत. पगार तेवढाच राहिला तरी सरक. आणि दर महिन्याला यूएएनचं पासबुक उघडून पीएफ खरंच भरला जातोय का ते बघ, स्लिपवर कापलेला दिसतो आणि खात्यात नसतो असं खालच्या पायऱ्यांवर घडतं. दरवर्षी पेरोलवाला बदलून सर्व्हिस तोडणारे पण आहेत, जॉइन करताना लेटरवरची तारीख आणि नाव दोन्ही वाच.

कुठल्या थरात जायचं? माझं मत सांगतो, दुसरा कुणी वेगळं सांगेल.

रेडिओ ऑप्टिमायझेशन, म्हणजे फिरत फिरत सिग्नल मोजायची ड्राइव्ह टेस्ट, सेवेच्या दर्जाचे आकडे म्हणजे केपीआय, अँटेनाचा टिल्ट बदला, शेजारच्या साइटची नोंद म्हणजे नेबर टाका, हे एकेकाळी सगळ्यात ग्लॅमरचं काम होतं, लॅपटॉप आणि गाडी घेऊन गावभर फिरायचं. आता त्यातला रिपोर्ट बनवायचा भाग झपाट्याने मशीनकडे चाललाय, फोन स्वतःच मेजरमेंट पाठवतात, टूल स्वतःच सुचवतं. पण रेडिओची समज असलेला माणूस लागतोच, उदाहरणार्थ ९०० मेगाहर्ट्झवरून ३५०० वर गेलं की मोकळ्या हवेतच जवळपास १२ डीबीचा फरक पडतो, वर भिंती आणि काचा वेगळ्या, मग जुन्या टॉवरवर नुसता फाइव्हजीचा अँटेना टांगून घराच्या आत कव्हरेज येईल का हे डिझाइनमध्ये कुणीतरी आधीच बोलायला पाहिजे. फक्त एक्सेल भरणारा असशील तर या लाइनमध्ये राहू नकोस.

कोअर आता जवळजवळ सगळं सॉफ्टवेअर झालंय. फाइव्हजी स्टँडअलोनचं (फोरजीच्या कोअरवर न टेकणारं) कोअर कंटेनरमध्ये, म्हणजे सॉफ्टवेअरच्या सुट्या डब्यांत, चालतं, तिथे लिनक्स, ते डबे सांभाळणारं कुबरनेटिस, थोडं पायथन आणि वायरशार्क या टूलमध्ये नेटवर्कमधल्या संदेशांचा, म्हणजे सिग्नलिंगचा, ट्रेस वाचता येणं, एवढं लागतं. इथे आयटीतून आलेली मुलं भरपूर आहेत, त्यांना कुबरनेटिस येतं पण फोनचं नेटवर्कवरचं रजिस्ट्रेशन रिजेक्ट का झालं हे कळत नाही, आणि जुन्या एमएससीवाल्यांना कॉल फ्लो झोपेत सांगता येतो पण कुबरनेटिसमधला पॉड म्हणजे काय ते माहीत नाही. दोन्ही येणारे फार थोडे आहेत, त्यांना पैसे चांगले मिळतात, पुण्यातल्या तुझ्या मित्रांपेक्षा कमी नाही. तुला आयटीचं एवढं आकर्षण असेल तर हा दरवाजा आतूनच उघडतो, टेलिकॉम सोडायची गरज नाही. तसंही पुण्यातल्या आयटीचा मोठा भाग टेलिकॉमवरच उभा राहिला, टेक महिंद्रा मुळात महिंद्रा-ब्रिटिश टेलिकॉम होती, अॅमडॉक्सचं पुण्यातलं काम म्हणजे जगभरच्या ऑपरेटरांची बिलं.

ट्रान्समिशन-आयपी-फायबर, हा माझा आवडता थर आहे हे एव्हाना कळलंच असेल, त्यामुळे थोडा पक्षपात धरून वाच. फाइव्हजीने टॉवरला फायबर लागायला लागली, घराघरात एफटीटीएच, म्हणजे थेट घरापर्यंतची फायबर, गेलं, नवी मुंबईत ऐरोली-महापे पट्ट्यात डेटा सेंटरं उभी राहतायत, वर्सोव्याला समुद्राखालच्या केबली येऊन लागतात, गावागावात भारतनेट आणि महानेट ही सरकारी फायबरची जाळी. महाराष्ट्र-गोव्यात तर फायबर आणि तिच्या केबली बनवणारेच आहेत, संभाजीनगरला स्टरलाइट, गोव्यात वेर्ण्याला फिनोलेक्स, एचएफसीएल. फिल्डवरून यात यायला तुला दोन गोष्टी लागतील, राउटिंग, म्हणजे डेटा कुठल्या वाटेने पाठवायचा ते, नीट शिकणं, सीसीएनए या सिस्कोच्या परीक्षेच्या लेव्हलचं तरी, परीक्षा दिलीस तर उत्तम, आणि डीडब्ल्यूडीएमचं एखादं नोड, म्हणजे मशीन, उघडून बघायची संधी. दुसरी गोष्ट कोर्सने मिळत नाही, ट्रान्समिशन टीमशी गोड बोलून रात्रीच्या अॅक्टिव्हिटीला त्यांच्याबरोबर जाऊन बसावं लागतं.

सरकारी वाट विचारली नाहीस पण सांगतो. परीक्षा देऊन बीएसएनएलचं जेटीओ, म्हणजे ज्युनिअर टेलिकॉम ऑफिसर, व्हायचा आमच्या काळात घरच्यांचा फार आग्रह असायचा. आता भरती कमी. पण टीसीएस, तेजस आणि सी-डॉट यांनी मिळून बीएसएनएलसाठी देशी फोरजी उभं केलंय, आणि सी-डॉट ही १९८४ पासूनची सरकारी टेलिकॉम संशोधन संस्था, तिथे किंवा तेजससारख्या ठिकाणी खरोखर प्रॉडक्ट बनतं. ज्याला प्रोटोकॉल खोलात शिकायचाय त्याने तिकडे बघावं. बीएसएनएलमधून व्हीआरएस घेतलेले जुने लोक पण भेटले तर सोडू नकोस, चहा पाज आणि बोलतं कर. जुन्नरजवळच्या आर्वीला १९७१ मध्ये देशातलं पहिलं व्यापारी सॅटेलाइट अर्थ स्टेशन उभं राहिलं, त्या पिढीचं बोलणं ऐकलेला माणूस ग्राउंडिंग आणि अर्थिंग कधी ढिलं सोडत नाही.

परदेशाचं आकर्षण असतंच. गल्फमध्ये मराठी टेलिकॉमवाले ढिगाने आहेत. २०१० मध्ये भारतीने झैनचं आफ्रिकेतलं नेटवर्क घेतलं तेव्हा इथून कितीतरी जण नायजेरिया, केनिया, युगांडाला गेले, काही तिथेच राहिले. जायला हरकत नाही, हाती पैसा राहतो आणि तिथे माणसं कमी असल्याने तुला तीन-तीन थरांचं काम करावं लागतं, त्यात शिकायला मिळतं. पण प्रोजेक्ट कॉन्ट्रॅक्ट असेल तर प्रोजेक्ट संपल्यावर काय, परतीचं तिकीट कोण देणार, व्हिसा कोणाच्या नावावर, हे लेखी घे.

वरच्या पदांचं बोलायचं तर एका वयानंतर या धंद्यात तांत्रिक ज्ञानापेक्षा लोक तुला आउटेजच्या रात्री कसा होतास यावरून ओळखतात. नेटवर्क पडलंय, ब्रिजवर, म्हणजे सगळ्यांच्या एकत्र कॉलवर, चाळीस माणसं आहेत, सगळे एकमेकांवर ढकलतायत, तेव्हा जो शांतपणे म्हणतो 'माझ्याकडे हा पोर्ट अप आहे, पॉवर एवढी येतेय, पुढचं मी पंधरा मिनिटांत सांगतो' आणि पंधरा मिनिटांत खरंच सांगतो, त्याचं नाव सगळ्या कंपन्यांच्या लोकांना कळतं, कारण ब्रिजवर सगळ्या कंपन्यांचे लोक असतात. माझ्या ओळखीत बहुतेकांच्या मोठ्या नोकऱ्या पोर्टलवरून लागल्या नाहीत, अशा रात्रींमधून लागल्या. आणि आरसीए, म्हणजे बिघाडाच्या मूळ कारणाचा रिपोर्ट, लिहायला शिक. एका पानात, काय झालं, का झालं, परत होऊ नये म्हणून काय केलं. मराठीत विचार करून साध्या इंग्रजीत लिहिलंस तरी चालतं, वाक्य छोटं ठेव. आमच्याकडे उत्तम काम करणारे पण लिहायला कंटाळणारे लोक खूप आहेत आणि प्रमोशन लिहिणाऱ्याला मिळतं, यात अन्याय आहे, पण आहे हे असं आहे.

तब्येतीचं एकच. रात्रीच्या शिफ्ट आणि ऑन-कॉल विशीत कळत नाहीत, चाळिशीत शुगर-बीपीच्या रूपाने समोर येतात. म्हणून पस्तिशीच्या आत अशा भूमिकेत जा जिथे रात्रीचा फोन तुला शेवटचा येईल, पहिला नाही, म्हणजे प्लॅनिंग, डिझाइन, किंवा एल-थ्री, जिथे फक्त सगळ्यात अवघड फॉल्ट येतात. आणि हार्नेसशिवाय टॉवरवर चढायला कुणी सांगितलं, साइट कितीही तातडीची असू दे, सरळ नाही म्हण. फोनवर ओरडणाऱ्याची नोकरी वाचते, पडणारा आपला असतो.

आता नोएडाची ऑफर. नॉक म्हटलं की एसी, खुर्ची, स्क्रीन असं चित्र दिसतं, पण नॉकचे दोन प्रकार आहेत. एकात तू अलार्म बघतोस, तिकीट काढतोस, फिल्डला फोन लावतोस, म्हणजे आत्ता तुला रात्री जो फोन करतो तो तू होणार. हे एल-वन, आणि अलार्म जोडून तिकीट काढायचं काम मशीन आधीच करायला लागलंय, त्यासाठी नाशिक सोडून नोएडाच्या थंडीत रूम शेअर करायला जाऊ नकोस. दुसऱ्या प्रकारात, म्हणजे एल-टूत, तुला नोडचा सीएलआय अॅक्सेस मिळतो, कमांड मारून तू स्वतः फॉल्ट शोधतोस, चेंज विंडोमध्ये, म्हणजे बदलांसाठी ठरवलेल्या वेळेत, कॉन्फिगरेशन करतोस. तसं असेल तर जा, दोन-तीन वर्षं राहा, फिल्ड पाहिलेला माणूस नॉकमध्ये फार कमी असतो आणि तुझं नाणं तिथे खणखणीत वाजेल.

इंटरव्ह्यूत लाजू नकोस, एवढं विचारून घे: एल-वन की एल-टू, डोमेन कुठलं, रीड-ओन्ली अॅक्सेस की कॉन्फिगरेशनचा, नाइटची रोटेशन कशी, आणि पेरोल नक्की कोणाचा. ऑफर लेटरवर क्लायंटचं नाव ठळक असतं आणि पेरोलवाल्याचं खाली बारीक, ते बारीक नाव गुगल करून दोन आजी-माजी लोकांशी बोल. एल-वनच देत असतील तर नाशिकलाच थांब, राउटिंग संपव, ट्रान्समिशनवाल्यांच्या अॅक्टिव्हिटीला जा, आणि सहा-आठ महिन्यांनी पुण्या-मुंबईत आयपी किंवा फायबर प्लॅनिंगसाठी अर्ज टाक. जायचं ठरलं तर नोटीस पिरियडमध्ये तुझ्या साइटचा आणि रूटचा हँडओव्हर नीट करून दे, लूपच्या नोंदींची वही असेल तर तिची झेरॉक्स काढून दे. तिथली माणसं पुढे कुठल्या ना कुठल्या पेरोलवर परत भेटणारच आहेत.